यंत्रे थोडी, रोगी पुष्कळ

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात 1962 साली कृत्रिम मूत्रपिंडाचे केंद्र सुरू झाले. यंत्रे थोडी, रोगी पुष्कळ. आणि यंत्र न मिळाले तर मरण ठरलेले. डॉक्टरांनी योग्य ठरवलेल्या रोग्यांतून निवड करण्यास सात जणांची समिती नेमली. तीत एक पाळक, एक वकील, एक गृहिणी, एक कामगार पुढारी असे लोक होते. रोग्याचे उत्पन्न, शिक्षण, मुलेबाळे यांबरोबर तो उपासनेला जातो की नाही हेही ते पाहत.

आपल्यापैकी शब्बाथशाळा शिकवणाऱ्यांना हे वाचून क्षणभर बरेच वाटेल. आम्हांलाही वाटले.

परंतु अशा निवडीला ठाम विरोध करणारे प्राध्यापक पॉल रॅम्से (1913–1988) हे एका मेथडिस्ट पाळकाचेच पुत्र होते. जन्म मिसिसिपी राज्यातला, उच्च शिक्षण येलचे; 1944 पासून 1982 पर्यंत त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवले. ते डॉक्टर नव्हते. म्हणून 1968 व 1969 साली जॉर्जटाऊनच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकेक सत्र राहून त्यांनी डॉक्टरांचे प्रश्न समजून घेतले, आणि 1970 साली ‘द पेशंट अ‍ॅज पर्सन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचा आवडता शब्द ‘करार’. आपल्याला करार म्हटले की घरभाडे आणि स्टॅम्पपेपर आठवतो. रॅम्से यांच्या मनात पवित्र शास्त्रातला करार होता, एकमेकांशी विश्वासू राहण्याचा. डॉक्टर व रोगी यांचे नाते तसे असावे. म्हणून रोग्याला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय प्रयोग नको. आणि ज्या बालकाला संमती देताच येत नाही त्याच्यावर, त्याच्या स्वतःच्या उपचारासाठी नसलेला प्रयोग आईबापांच्या सहीनेही नको. या शेवटल्या मुद्द्यावर रिचर्ड मॅककॉर्मिक या जेज्विट पंडितांशी त्यांचा मोठा वाद झाला.

सिअ‍ॅटलसारख्या प्रसंगी त्यांचे उत्तर होते: चिठ्ठ्या टाका, नाहीतर जो आधी आला त्याला आधी घ्या. देव सूर्य उगवताना आणि पाऊस पाडताना निवड करीत नाही (मत्तय 5:45). मग कोणाचे जगणे अधिक मोलाचे हे आपण कसे ठरवणार?

हे पचायला कठीण आहे. चार लहान मुलांची आई आणि एकटा दारुडा यांच्यात चिठ्ठी? रॅम्से होच म्हणतात. संकटात सगळ्यांचे प्राण काही थोड्यांच्या कामावर अवलंबून असले तर मात्र त्यांना आधी वाचवावे, एवढा अपवाद त्यांनी ठेवला.

अमेरिकेत 1972 च्या कायद्याने बहुतेक मूत्रपिंडाच्या रोग्यांचा खर्च सरकारने उचलला आणि तशा समितीची गरज संपली. आपल्याकडे 2021 च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनची खाट मिळवायला कोणी ओळखीच्या नगरसेवकाला फोन केला, कोणी पाळकसाहेबांना. मोठ्या मुलांच्या वर्गात प्रश्न तेथूनच काढावा: तो फोन आपण केला असता काय?