सारफथच्या विधवेचे गाऱ्हाणे

सारफथच्या विधवेने उरल्यासुरल्या पिठातून एलियाला भाकर दिली, एवढे आपल्याला पाठ असते (१ राजे, अध्याय १७). पुढे तिचा मुलगा दगावला आणि तिने त्याच पाहुण्याला बोल लावला, हे आपण विसरतो.

२०२२ साली युद्धामुळे युक्रेन सोडलेल्या अनेक माता मुलांसह पोलंडमधील कुटुंबांत राहिल्या. (पोलंडच्याच निर्वासितांना १९४३ ते १९४८ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता.) सरकारने यजमानांना माणशी दिवसाला ४० झ्लॉटी देऊ केले. पण एकाच स्वयंपाकघरात दोन कुटुंबे, भाषा निराळी. महिने लोटले की यजमानही थकतो, कुरकुरतो. आम्हांला तो श्रद्धेचा अभाव वाटत नाही. शेजाऱ्याने मुले सांभाळली, अर्ज भरून दिले, तर दोघांनाही हायसे वाटते. एलियाने विधवेला दोष दिला नाही; तिच्या कुशीतले मूल त्याने आपल्या हातांत घेतले.