गोष्ट सांगा, गोळी देऊ नका

मैत्रिणींनो, आमच्या बालाघाटात बाई दवाखान्यात येते ती कंबरदुखी घेऊन. पडद्याआड गेली, सासू बाहेर राहिली, की मग आवाज खाली येतो, "मॅडम, सफेद पानी जातं." कधीपासून? "झाली दोन वर्षं."

ती दोन वर्षं मला फार लागतात.

शेजारच्या विदर्भात, गडचिरोलीच्या दोन गावांत, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बायका बोलत्या झाल्या त्या कुणीतरी ऐकायला बसलं म्हणून. राणीताईंच्या 'कानोसा' पुस्तकात ते बोलणं वाचायला मिळतं.

वारासिवनीकडची एक बाई मध्यंतरी आली ती नणंदेच्या बोलण्यामुळे. रोवणीच्या वेळी नणंद म्हणाली होती, "मला खाज सुटायची, दह्यासारखं जायचं, औषधानं थांबलं." तेवढ्या बोलण्यानं हिला धीर आला. पण हिनं नणंदेच्या उरलेल्या गोळ्याच घेतल्या. हिच्या पाण्याला माशासारखा वास होता, खाज नव्हतीच. आजार वेगळा, औषधही वेगळं. महिना वाया गेला.

म्हणून अनुभव जरूर सांगा, अगदी बारकाव्यानं सांगा. रंग कसा, वास होता का, किती दिवस. गोळी मात्र देऊ नका. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध लागतं, तेही तपासल्यावरच कळतं.

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार येणारं, वास नसलेलं जातं ते नैसर्गिक आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत. वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं असेल तर या. संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लागलं, तर त्याच आठवड्यात या.

मुलीला पहिल्या पाळीआधीच तुमची पहिली पाळी सांगा. घाबरला होतात, तेही सांगा. जावेची-शेजारणीची गोष्ट मात्र नावानिशी सांगू नका. गाव लहान असतं.

येताना शेवटच्या पाळीची तारीख आठवून या, आतून धुऊन येऊ नका. सासूबाई सोबत आल्या तरी चालेल. पडद्याआड त्या नसतील.