दिवसाचा एक फोटो

बाळा, रोज एक फोटो काढायचं ठरवलंयस, तर आत्याचं आधी एक ऐक. चांगला फोटो रोज मिळत नाही. त्या दिवसाचा फोटो मात्र रोज मिळतो, आणि आपल्याला तोच हवाय. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढला. २५ ऑक्टोबर १९९७ ला, स्वतःच्या ४१व्या वाढदिवशी तो गेला, तोवर त्याचा हा नेम चालू होता. त्यातले पुष्कळ फोटो अगदी साधे आहेत. ओळीने बघत गेलं की अख्खा माणूस समोर उभा राहतो.

रात्री अंथरुणावर आठवण झाली तर पंख्याशिवाय काही सापडत नाही. म्हणून सकाळच्या चहाआधीच एक काढून ठेव. दिवसभरात बरा मिळाला तर तो धर.

सणाचे फोटो सगळेच काढतात. तू घरातलं ते टिप जे कुणाला न विचारता काढून टाकलं जाणार आहे. कॅलेंडरवर लिहिलेले दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख, आजीचा मिसळणाचा डबा, दाराआडच्या खुंटीवरची बाबांची पिशवी, कोपऱ्यावरच्या वाण्याची रंगवलेली पाटी. आणि आठवड्यातून एकदा मोबाइल दुसऱ्याच्या हातात दे. फोटो काढणारं माणूस अल्बमात कुठेच नसतं, हे फार वाईट आहे.

भर दुपारच्या उन्हात कुणाला उभं करू नकोस, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. खिडकीशी बसव, दिवा बंद कर. पावसाळ्यातला ढगाळ दिवस चेहऱ्यांसाठी सोन्यासारखा. मोबाइलचं झूम वापरण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. कोकणात कॅमेरा चामडी पेटीत बंद ठेवला की दमट हवेने भिंगाला बुरशी धरते; सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेव.

एसटीतून काढताना मोबाइल काचेला टेकव, म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही. गाडी धावत असेल तेव्हा लांबचे डोंगर घे, थांब्यावर थांबली की जवळची माणसं. वारीत जाशील तेव्हा दिवेघाट सगळेच काढतात. तू सासवडच्या मुक्कामी पालांवर वाळत घातलेली धोतरं-लुगडी बघ, पाय चोळत बसलेली माणसं बघ. त्यांच्याशी आधी बोल, मग विचारून काढ. नदीवर अंघोळ करणाऱ्या बायांवर कॅमेरा रोखायचा नाही, कुणी काहीही म्हणो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटोबरोबर त्याच दिवशी एक ओळ लिही: कोण, कुठे, काय चाललं होतं. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेतले कितीतरी फोटो असे आहेत की त्यातली माणसं आता कुणालाच ओळखू येत नाहीत. ज्यांना येत होती ती गेली. नावं पूर्ण लिही. नुसतं ‘मावशी’ लिहिलंस तर तुझ्या मुलांना कुठली मावशी ते कळणार नाही.

मूळ फाइल जपून ठेव. व्हॉट्सअॅपवरून फोटो साधा पाठवला की तो बारीक होतो आणि आतली तारीख-ठिकाणाची नोंद पुसली जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. मोबाइलखेरीज आणखी दोन ठिकाणी प्रत हवी, त्यातली एक दुसऱ्या घरी. माझ्याकडे ठेव, मी सांभाळीन.

आणि महिन्यातून थोडे तरी छापून घे. चिकट पानांच्या अल्बमात लावू नकोस, पानं पिवळी पडतात आणि फोटो सोलून निघत नाहीत. मागे बॉलपेन दाबून लिहिलंस तर पुढे वळ उमटतो. बारीक टोकाच्या मार्करने लिही, शाई वाळू दे, मगच एकावर एक ठेव. दिवाळीला येशील तेव्हा पहिल्या महिन्याचे छापलेले फोटो, मागे नावं लिहून, घेऊन ये.