मोटारीच्या दारातील ध्वनिक्षेपक : निवड आणि खर्च

चेन्नईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६ वर, शहराच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरांवर गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. तमिळनाडू शासनाच्या सिपकॉट या संस्थेने वसविलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे ते प्रसिद्धीस आले. चेन्नईत राहून तेथील कारखान्यात नोकरी करणाऱ्या मनुष्याची मोटार मालवाहू वाहनांच्या सोबतीने हा रस्ता रोज दोनदा तुडविते. समुद्र व पुलिकत सरोवर जवळ असल्याने हवा दमट आणि खारी असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस कोसळतो. अशा मोटारीच्या दारात कोणता ध्वनिक्षेपक, म्हणजे बाजारच्या भाषेत स्पीकर, बसवावा, हे ठरविताना रस्त्याचा गोंगाट, हवेतील ओल आणि खिशातील रक्कम या तिन्हींचा विचार करावा लागतो. मुंबईच्या किंवा कोकणातील वाचकालाही हा प्रश्न परका वाटणार नाही.

ध्वनिक्षेपकाची रचना साधी असते. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे हलके वेटोळे अधांतरी धरलेले असते व ते शंकूच्या आकाराच्या पडद्यास चिकटविलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि हवेत दाबाचे तरंग उठतात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणाऱ्या अशा ध्वनिक्षेपकाचे वर्णन १९२५ साली प्रसिद्ध केले. पुढे १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटोरोला या नावाने मोटारीतील रेडिओ विक्रीस आणला. चुंबके आणि पडद्याचे पदार्थ पुष्कळ सुधारले, तरी आजच्या मोटारीच्या दारात बसतो तो ध्वनिक्षेपक तत्त्वतः राइस आणि केलॉग यांचाच आहे.

या रचनेत एक उणीव उपजतच आहे. पडदा पुढे सरकला की पुढील हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. म्हणजे पुढून व मागून निघणारे तरंग परस्परांच्या उलट असतात. दर सेकंदास १०० कंप असलेल्या खर्जाच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. असा लांब तरंग ध्वनिक्षेपकाच्या कडेस सहज वळसा घालतो, पुढील तरंगास गाठतो आणि दोन्ही एकमेकांस मारतात. ३,००० कंपांच्या स्वराची तरंगलांबी अवघी ११ सेंटिमीटर असल्याने तो यातून बचावतो. शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. जुन्या रेडिओतील ध्वनिक्षेपक टेबलावर मोकळा ठेवून वाजवावा. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा चिरका येईल. मग मोठ्या फळीस गोल भोक पाडून त्यावर तो घट्ट बसवावा. तबल्याचा डग्गा, जो आतापर्यंत जवळजवळ ऐकूच येत नव्हता, तो ताबडतोब घुमू लागतो. ध्वनिक्षेपक तोच असतो. मागील तरंगाची वाट तेवढी अडलेली असते.

मोटारीचे दार म्हणजे हीच फळी होय, परंतु ती भोके पडलेली फळी आहे. काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेसाठी दाराच्या आतील पत्र्यात मोठमोठी छिद्रे ठेविलेली असतात. पुष्कळ मोटारींत ती पातळ प्लॅस्टिकने झाकलेली असतात. ते पाणी अडविते, खर्ज अडवीत नाही. शिवाय बाहेरील पत्रा पातळ असल्याने स्वतःच थरथरतो. यास्तव महागडा ध्वनिक्षेपक आणून अशा दारात बसविणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. छिद्रे ॲल्युमिनियमचा थर असलेल्या ब्यूटिल रबराच्या चिकट पट्ट्यांनी बुजवावीत, आणि बाहेरील पत्र्यासही आतून त्याच पट्ट्या दाबून बसवाव्यात. छपरासाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते खरी. पण चेन्नईच्या उन्हात ती मऊ होते, वास मारते आणि कालांतराने सुटते. ही काटकसर करू नये.

दार आतून कोरडे असते ही समजूत मात्र चुकीची आहे. काचेच्या कडेने पावसाचे पाणी आत उतरते आणि तळाशी ठेविलेल्या बारीक छिद्रांवाटे बाहेर पडते. ही छिद्रे कदापि बुजवू नयेत. बुजविल्यास पाणी साठून पत्रा गंजतो. साध्या कागदाचा पडदा ओलीने फुगतो व ढिला पडतो, म्हणून समुद्रकाठच्या हवेत पॉलिप्रॉपिलीनचा किंवा जलरोधक लेप दिलेल्या कागदाचा पडदा घ्यावा. खरेदीपूर्वी काच पूर्ण खाली करून मागे किती खोली उरते हेही मोजावे. मोठा चुंबक काचेस अडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता वॅटविषयी. प्लेअरच्या खोक्यावर ‘५० वॅट, चार वाहिन्या’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा येतो कोठून? इंजिन चालू असता मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. वेगळी विद्युत्दाब-वाढीची सोय नसेल तर ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास याहून अधिक दाब देता येत नाही. १४.४ चा वर्ग २०७. त्यास ४ ने भागिले असता सुमारे ५२ वॅट येतात. परंतु ही क्षणिक शिखराची शक्ती झाली. शुद्ध स्वरासाठी सतत मिळणारी शक्ती तिच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट, आणि मंडलातील घट वजा जाता प्रत्यक्षात २० वॅटच्या आसपासच. छापील आकडा जाहिरातीस शोभतो, हिशेबास उपयोगी पडत नाही. खोक्यावर ‘आरएमएस’ या अक्षरांपुढे असलेली संख्या तेवढी पाहावी.

याहून महत्त्वाचा गुण म्हणजे संवेदनशीलता. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल ध्वनी होतो, यावरून ती मोजतात. दर ३ डेसिबेलमागे शक्ती दुप्पट लागते. म्हणून ८६ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकास जेथे ६० वॅट हवेत, तेथे ९२ डेसिबेलचा १५ वॅटमध्ये तेवढेच काम करतो. गिऱ्हाईक वॅट विचारते आणि हा आकडा विचारीतच नाही, याचे नवल वाटते.

हाताशी दोन हजार रुपयेच असतील आणि मूळच्या ध्वनिक्षेपकाचा पडदा व त्याभोवतीची रबरी कड शाबूत असेल, तर नवा घेऊ नये. सर्व रक्कम पुढच्या दोन दारांची छिद्रे बुजविण्यात घालावी. पाच-सहा हजार असतील तर पुढच्या दारांसाठी ९० डेसिबेल किंवा अधिक संवेदनशीलतेची कोॲक्सियल जोडी घ्यावी आणि निदान तिसरा हिस्सा दारांसाठी राखावा. त्याच पैशांत चार हलके स्पीकर घेण्याचा मोह होतो, पण ऐकणारे बहुधा पुढेच बसतात.

पंधरा-वीस हजार असल्यास कंपोनंट संच घेण्यात अर्थ आहे. १६.५ सेंटिमीटरच्या पडद्यातून ३,००० कंपांवरील स्वर विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ जातात, आणि दारातील ध्वनिक्षेपकाचा रोख तर ऐकणाऱ्याच्या पोटरीकडे असतो! संचातील छोटा ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यात, कानाच्या जवळपासच्या उंचीवर बसविता येतो. त्याच्या मार्गात धारित्र घालून खर्ज अडवितात. ४ ओहमच्या ट्वीटरसाठी ५,००० कंपांवर सीमा हवी असेल तर सुमारे ८ मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. उरलेल्या पैशांत लहान ॲम्प्लिफायर येईल. त्याची तार थेट बॅटरीपासून घ्यावी लागते, आणि तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तो नसता तार कोठे घासली गेली तर आग लागू शकते.

खर्चाच्या या हिशेबात कानांचाही हिस्सा आहे. महामार्गावर काचा बंद असूनही साधारण मोटारीत ७० डेसिबेलच्या आसपास गोंगाट असतो. त्यातील खालचे स्वर संगीतातील खर्ज झाकून टाकतात, आणि ऐकणारा आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबेलचा ध्वनी आठवड्यास ४० तास, तर ९० डेसिबेलचा केवळ ४ तास ऐकणे सुरक्षित समजतात. रोज दोन तास असे सहा दिवस प्रवास करणाऱ्याचे १२ तास मोटारीतच जातात, आणि कारखान्यातील यंत्रांचा आवाज त्यावेगळा. बुजविलेल्या दारात खर्ज टिकतो, पत्र्याची थरथर कमी होते, आणि तेच गाणे हळू आवाजात पुरेसे भरीव लागते.

जोडणी झाल्यावर, दाराचे आच्छादन बसविण्यापूर्वी एक तपासणी करावी. प्लेअरकडून ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही तारा सोडवून घ्याव्यात आणि दीड व्होल्टच्या घटाचे धन टोक धन तारेस व ऋण टोक ऋण तारेस क्षणभर लावावे. पडदा बाहेर उसळला तर जोडणी बरोबर. दोन्ही दारांत तो एकाच दिशेने उसळला पाहिजे. एकाचा बाहेर व दुसऱ्याचा आत गेल्यास दोन दारांचे तरंग परस्परांस मारतील आणि बुजविलेल्या दारांतूनही खर्ज नाहीसा होईल. अशा वेळी एका बाजूच्या तारांची अदलाबदल केली की काम होते.