ताईच्या औषधाचा हिशेब

संत तुकाराम नगर, पिंपरी

चि. सागर,

काल फोनवर तू "ब्लड कॅन्सर, तीस लाख" एवढंच बोललास आणि शेताला गिऱ्हाईक बघतोयस म्हणालास. रात्री पाठवलेल्या रिपोर्टवर मात्र सीएमएल लिहिलंय, बाबा; हा ब्लड कॅन्सरचा गोळीवर चालणारा प्रकार. तीस लाखांची भाषा बोन मॅरो बदलताना किंवा आयआयटी मुंबईच्या त्या नव्या नेक्सकार-१९ उपचारात होते. तुझ्या आईला, माझ्या ताईला, बहुधा रोज एक इमॅटिनिबची गोळी लागेल. डोस डॉक्टर ठरवतील.

वायसीएम रुग्णालयासमोरच्या मेडिकलमध्ये तीस वर्षं काउंटरवर काढली मी. एके काळी नोव्हार्टिसच्या इमॅटिनिबला, ग्लिव्हेकला, महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडत, तेच औषध देशी कंपनीचं आठ-दहा हजारांत. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं, म्हणून देशी गोळी टिकली. आता ती आणखी उतरलीय; पण छापील किमतीवर जाऊ नकोस, तीन दुकानांत विचार.

हिशेब महिन्याचा मांड. गोळ्या, प्रवास, तुझे खाडे. गोळी लागू पडतेय का ते बघणारी बीसीआर-एबीएल ही रक्ताची तपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी असते. लोक ती हिशेबात धरायलाच विसरतात आणि वेळ आली की टाळतात. ही बेरीज पुढची कित्येक वर्षं चालायची, कारण बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करता येत नाही.

पगार लांबला की माणसं तीसऐवजी दहाच गोळ्या न्यायची. दिवसाआड घेत असणार, मी समजून जायचो. असं केलं की पेशी औषधाला दाद देईनाशा होऊ शकतात. मग दासाटिनिब, निलोटिनिब अशी दुसरी औषधं, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे आधी बाजूला काढ, मग बाकीचं घर.

पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय म्हणजे कामगार विम्यात ताईचं नाव चढलंय का बघ. चाकणला तुझ्या कामावर ठेकेदार बदलला तर विम्याचा जुनाच आयपी नंबर दे, नवा काढू देऊ नकोस. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही रोजची गोळी त्यात बसते का, ते रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून नीट समजून घे.

रविवारी फाईल घेऊन ये. शेताचा विसार घेतला असशील तर परत कर.

तुझा,
मामा