दिव्यांगांची मागणी, संस्थेविना

प्रश्न : आम्ही गावातले पाच-सहा दिव्यांग. ग्रामपंचायतीला आणि शाळेला उतार (रॅम्प) हवा आहे. पण 'नोंदणीकृत संस्था नसेल तर तुमचं कोण ऐकणार?' असं लोक म्हणतात. मोर्चा काढावा का?
– एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशीम)

उत्तर : संस्थेची अट कुठेच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ तुम्हाला एकट्यालाही मागण्याचा हक्क देतो. सार्वजनिक इमारती सुगम करायची मुदत तर २०२२ मध्येच संपली, त्यामुळे ही याचना नव्हे.

मोर्चा राहू द्या. आधी एकच मागणी पक्की करा. दहा मागण्यांचं निवेदन फायलीतच झोपतं. शाळेचा रॅम्प घ्या, कारण तिथे पालकही सोबत येतील. पायऱ्यांचं माप आणि फोटो जोडून अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडून ठरावात नोंदवून घ्या. तुमच्यापैकी ज्याला रोज अडचण येते त्यानेच बोलावं, पुढाऱ्याने नव्हे.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. हे घरपट्टी-पाणीपट्टीसारख्या उत्पन्नाचे, एकूण निधीचे नव्हेत. रक्कम लहान असू शकते. खर्चाचा तपशील माहितीच्या अधिकारात १० रुपयांत मागता येतो. बांधकामाची तरतूद मात्र गावाच्या विकास आराखड्यातच मागा.

कुणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. उत्तरच आलं नाही, तर पंचायत समितीकडे आणि मग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.