धरणकाठचं घर, घोड्यांची पागा आणि सातबारा
जुन्नर-आंबेगावातून परदेशी नव्यानं गेलेल्यांसाठी

परदेशात बस्तान बसलं, पगार स्थिरावला, की गावाकडच्या जाहिराती फोनवर यायला लागतात. डिंभ्याच्या बॅकवॉटरला लागून बंगला, समोर डोंगर, कुंपण घातलेलं कुरण, चार घोड्यांची पागा. इंग्लंडात राहणाऱ्याला हे चित्र ओळखीचं असतं. कॉर्नवॉलच्या किंवा वेल्सच्या किनाऱ्यावरची असली घरं त्यानं दलालाच्या काचेत लटकलेली पाहिलेली असतात आणि किंमत वाचून पुढं चालू पडलेला असतो. मग वाटतं, तिथलं नाही तर घोडेगावजवळचं का नको? मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव इकडची जी कुटुंबं बरीच वर्षं बाहेर आहेत, त्यांनी सांगितलेलं इथं एकत्र केलं आहे. बहुतेकांचं एकच म्हणणं होतं: घर शेवटी बघा, आधी कागद बघा, आणि घोड्याचा विचार त्याच्याही नंतर.

सगळ्यात कडू गोष्ट आधी. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात राहतं घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, चहा-कॉफीसारखे मळे आणि फार्महाऊस घेता येत नाही. परकी चलनाच्या फेमा कायद्याखालचे २०१९ चे नियम हे स्पष्ट सांगतात. इथं अनेकजण १८२ दिवसांचा हिशेब मांडत बसतात. आयकराचा तो हिशेब वेगळा. नोकरीसाठी देश सोडला, की फेमाच्या लेखी तुम्ही तेव्हापासूनच अनिवासी. गेल्या महिन्यात विमानात बसलेला नवखा आणि तीस वर्षं न्यू जर्सीत राहिलेले काका, दोघांना नियम सारखाच. त्याच्या जोडीला राज्याचा १९४८ चा कुळकायदा आहे. त्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे उद्या कायमचे परत आलात तरी शेतकरी असल्याचा पुरावा लागणारच. वडिलांच्या सातबाऱ्याला आणि आठ-अ ला जपा, तेव्हा तेच कामाला येतात.

दलालाचं उत्तर तयार असतं: "भावाच्या नावावर घेऊ की! घरचाच आहे." हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. पैसे तुमचे, नाव भावाचं आणि मालकी मनातल्या मनात तुमची, याला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात जमीन जप्त होऊ शकते, बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आणि एक ते सात वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. आई-वडिलांना पैसे खरोखर बक्षीस दिले आणि त्यांनी स्वतःसाठी जमीन घेतली, तर गोष्ट वेगळी. पण मग ती जमीन त्यांची, आणि पुढं सगळ्या भावंडांची. बहिणीलाही हिस्सा आहे. हे मान्य असेल तरच तो रस्ता धरा.

जे चालतं ते असं. वारसाहक्कानं आलेली शेतजमीन तुम्ही ठेवू शकता. परदेशी पासपोर्ट घेतला म्हणून वडिलार्जित वावर जात नाही. देशात असताना घेतलेलीही ठेवता येते. शिवाय गावठाणातलं घर किंवा खरोखर एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला निवासी प्लॉट स्वतःच्या नावावर घेता येतो, मात्र पैसे बँकेतून, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून गेले पाहिजेत. 'एनए होणार आहे', 'फाईल वर गेली आहे' असं ऐकलं की तिथंच थांबा आणि आदेश मागा. आणि एक डाव नीट ओळखा. बंगल्याखालचे पाच-दहा गुंठे एनए असतात, घोडे फिरायचं दोन एकर कुरण मात्र साध्या शेतीच्या सातबाऱ्यावर. जाहिरातीत दोन्ही एकाच किमतीत बसवलेलं असतं. तुम्हाला त्यातलं घर मिळेल, कुरण मिळणार नाही. मग ज्यासाठी एवढं केलं तेच हातातून गेलं. ज्यांनी हे शहाणपणानं जमवलं, त्यांच्याकडं वडिलांची जमीन आधीपासून होती आणि त्यांनी शेजारच्या गावठाणात फक्त घर घेतलं.

आता सातबारा. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा मिळतो, लंडनमध्ये बसूनही काढता येतो, तेव्हा दलालानं पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हे आधी पाहा. वर्ग २ म्हणजे वतनाची, देवस्थानाची, पुनर्वसनात मिळालेली किंवा तशा कुठल्या अटीची जमीन, परवानगीवाचून हस्तांतर नाही. 'इतर हक्कात' बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा लिहिलेला असतो. नावापुढं 'सामाईक' असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील, त्यातला एखादा मुंबईला असतो आणि फोन उचलत नाही. पोटखराबा किती ते बघा, डोंगराकडच्या गटांत निम्मं क्षेत्र त्यातच जातं. मोजणी भूमी अभिलेखकडूनच करून घ्या. शेजाऱ्यानं बांधावरून पायानं मोजून दाखवलेली हद्द कोर्टात टिकत नाही. आणि रस्ता! घोड्यांची गाडी किंवा चाऱ्याचा ट्रॅक्टर जायला नकाशावर शिवरस्ता किंवा पाणंद आहे का, की नुसती 'वहिवाट आहे हो' एवढ्यावरच चाललंय? रस्त्यासाठी तहसीलदाराकडं दावा करता येतो, पण परदेशात बसून तारखा सांभाळणं कसं असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

पश्चिम भागासाठी वेगळी सावधगिरी. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथली जमीन बहुतांशी महादेव कोळी कुटुंबांची. १९७४ पासून आदिवासींची जमीन बिगर आदिवासीनं घ्यायला महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची पूर्वपरवानगी लागते. स्टँपपेपरवर साठेखत करून, ताबा घेऊन, बंगला बांधून विकायला काढलेल्या जागा या भागात आहेत. स्वस्त का, याचं उत्तर तिथंच असतं. अशा जागेच्या वाटेला जाऊ नका. कायद्याची भीती एकीकडं. एखाद्याची भातखाचरं आपल्या घोड्याच्या चरणीसाठी जाणं हेही काही बरं नाही.

पाण्याकाठचं आकर्षण समजू शकतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत. पण ही धरणं आहेत, समुद्र नव्हे. पावसाळ्यानंतर भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत कितीतरी मागं सरकतं आणि मध्ये चिखलाचा, भेगाळलेला पट्टा उघडा पडतो. तो पट्टा जलसंपदा खात्यानं संपादित केलेला असतो. गाळपेरीसाठी तो वर्षापुरता गावकऱ्यांना दिला जातो. म्हणजे 'बॅकवॉटर टच' म्हणून दाखवलेला पाण्यापर्यंतचा उतार विकणाऱ्याचा नसतोच, तुमचा होणंही शक्य नाही. जागा मे महिन्यात बघा. दिवाळीत पाहिलेलं पाणी फसवं असतं. धरणातून पाणी उचलायचं तर खात्याची उपसा परवानगी लागते, आणि ती विकणाऱ्याच्या नावावर आहे की नुसतीच मोटर टाकलेली आहे, हे विचारा. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गाव गेलं, ज्याचं नाव तालुक्याला आहे ते. तालुक्याची कचेरी घोडेगावात. त्या पाण्यातून उठलेली माणसं अजून आसपास आहेत, काठाच्या देखाव्याचं कौतुक त्यांच्यासमोर जरा जपून करा.

डोंगरउतारावरच्या जागांबद्दल एकच नाव पुरे: माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. जेसीबीनं उतार कापून सपाट केलेला प्लॉट, वर ताजी माती, खाली दगडी भिंत, हे दिसलं की भूजलाच्या किंवा भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. भीमाशंकर अभयारण्याच्या आसपास बांधकामावर वेगळी बंधनं आहेत, ती वनखात्याकडून लेखी घ्या.

मधूनच कोणीतरी विचारतं, मग सरळ अलिबाग-काशीदला का नको, तिथं खरा समुद्र आहे. तिथं शेतजमिनीचा नियम हाच, वर सीआरझेडच्या किनारपट्टी नियमांची भर. पुढं चला.

आता घोडे. हा मुलूख घोड्याला परका नाही. भीमा उगम पावते ती भीमाशंकरला, आणि तिच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. चणीनं लहान, काटक, कमी चाऱ्यावर टिकणारं जनावर. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड ज्या तट्टांवर लादलेलं असतं ती बघा. आणि बैलगाडा शर्यत! आमच्याकडच्या शर्यतीच्या घाटांत गाड्यापुढं घोडी पळते, स्वार तिच्यावर, मागून बैल. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या मधल्या वर्षांत घोडी पोसणं गाडामालकांनाही जड गेलं. तरीही नालबंद कोण, मोतद्दार कुठून मिळेल, कुठल्या डॉक्टरला घोडं कळतं, हे सगळं ज्ञान गाडामालकांकडंच आहे. यात्रेच्या दिवसांत घाटावर एक दिवस उभे राहा, चार जणांशी बोला. त्यातून जे कळेल ते कुठल्याही छापील पुस्तकात नाही.

इंग्लंडातली हिरवी कुरणं डोक्यातून काढून टाका. इथं गवत श्रावण-भाद्रपदात माजतं, दिवाळीनंतर वाळतं, फाल्गुनात जमीन उघडी पडते. कुंपण घातलेली जागा म्हणजे पाय मोकळे करायची जागा, चराई नव्हे. वर्षातले आठ महिने चारा विकतचा किंवा घरचा: कडबा, वाळलेलं गवत, थोडा लसूणघास, भरडा. कडब्याला बुरशी आलेली असेल तर गाय खाऊन निभावते, घोड्याला पोटशूळ उठतो, आणि त्याला ओकता येत नाही. रात्री दोन वाजता मोतद्दार फोन करेल तेव्हा तुम्ही शिकागोत दुपारच्या मीटिंगमध्ये असाल. जवळच्या सरकारी दवाखान्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, म्हणून घोड्याचा डॉक्टर घोडा घेण्याआधी ठरवा. पश्चिमेकडं पावसाळ्यात खूर सतत ओले राहून कुजतात, तेव्हा पागेचा तळ उंच, मुरमाचा आणि निचऱ्याचा हवा. सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळावे लागतात. रोजचा खरारा करणारा माणूस नसेल तर सगळं फुकट. आई-वडील बघतील, असं गृहीत धरू नका. सत्तरीतल्या वडिलांना दावण सोडायला लावून आपण व्हिडिओ कॉलवर शिंगरू बघायचं, हे दृश्य एकापेक्षा अधिक घरांत घडलं आहे.

बिबट्या हा इथला शेजारी आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस, उसात बिबट्याची पिल्लं. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारण केंद्र आहे, यावरूनच काय ते समजा. उघड्या शेडमधलं शिंगरू एका रात्रीत जाईल. पागेला चारही बाजूंनी भिंत किंवा जाड जाळी, वर पत्र्याखाली फट नाही, दार आतून-बाहेरून कडीचं, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत जनावर आत. कुत्रं राखणीला ठेवाल तर त्यालाही आत घ्या, बिबट्या आधी त्याच्यासाठीच येतो.

कागदावरची रोजची राखण परदेशातून होऊ शकते. कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा, आणि त्यात विक्रीचा अधिकार देऊ नका. नुसता मोजणीला हजर राहायचा, कर भरायचा अधिकार पुरतो. वडील गेल्यावर वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडं गेली पाहिजे. 'आपली चावडी'वर तुमच्या गटाच्या फेरफाराची नोटीस लागली आहे का, ते अधूनमधून बघत जा. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची असते आणि ती कोणी तुम्हाला कळवत नाही. विकायची वेळ आली तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते. ते पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येतात, पण वारसाचे आणि कराचे कागद जुळलेले हवेत.

एवढं सगळं जुळलं आणि घोडा घ्यायचाच ठरला, तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत जा, पण ओळखीच्या गाडामालकाला बरोबर घेऊन. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका. त्या रोगावर उपचार नाही, माणसालाही होतो, आणि सापडला तर जनावर मारावंच लागतं. घोडा एकटा ठेवू नका, तो झुरतो. सोबतीला शेळी बांधायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आमच्याकडं शेळी म्हणजे बिबट्याला आमंत्रण. त्यापेक्षा म्हातारी, शांत, शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी मागून बघा, गाडामालक पुष्कळदा कमी पैशांत देतात.